पास झालेल्या काचा

"आपण घासलेली काच आपण तपासायची नाही," असं भिंगमास्तर एकदा रागाच्या भरात बोलून गेले, आणि खगोल मंडळानं त्याचा नियम करून टाकला.

राग होता टपालखात्यातल्या एका माणसावर. त्यानं दीड वर्ष खपून दुर्बिणीचा आरसा घासला, स्वतःच तपासला आणि स्वतःच 'झकास' म्हणून मोकळा झाला. दुर्बिणीत बसवल्यावर चंद्र साबणाच्या पाण्यातून बघावा तसा दिसला. मास्तर सगळ्यांदेखत म्हणाले, "स्वतःचं पोर कुणाला ढ वाटलंय?" लोक हसले. टपालवाल्यानं आरसा टॉवेलात गुंडाळला, पिशवीत घातला आणि जिना उतरला तो पुन्हा कधी चढला नाही. मास्तरांना त्याचं काही वाटलं नाही. काचेच्या बाबतीत त्यांना कुणाचंच काही वाटत नसे.

मास्तर कुठल्या शाळेत मास्तर नव्हते. चष्म्याच्या एका दुकानात, मागच्या खोलीत, त्यांनी चाळीस वर्षं भिंगं घासली. पुढं मालक, गिऱ्हाईक, उजेड, चकचकीत कपाटं. मागं फिरणारी चकती, पाण्याची बारीक धार आणि हे. आंधळ्यासारखी चाचपडत आलेली माणसं चष्मा लावून पुढच्या दारानं बाहेर पडायची, रस्त्यावरच्या पाट्या मोठ्यानं वाचायची आणि मालकाचे आभार मानायची. मालक मानेनं मागं खूण करून म्हणायचे, "आमचा मागचा बरा आहे." चाळीस वर्षं ते 'मागचा' होते. त्यांची बायको सोडली तर त्यांना नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं, आणि बायको नाव घेत नसे.

मंडळानं त्यांना 'भिंगमास्तर' केलं. हे कसं झालं तर, मंडळातला एक घड्याळजी फुटलेलं भिंग घेऊन दुकानात आला होता. मागच्या खोलीत डोकावून तो दहा मिनिटं नुसता मास्तरांच्या हातांकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "संध्याकाळी मोकळे असता का?" मास्तर तेव्हा पस्तिशीत होते आणि संध्याकाळी त्यांना मोकळं असण्यावाचून दुसरं काही काम नव्हतं.

मंडळाची खोली एका बाइंडिंगच्या कारखान्याच्या वर होती. खाली कागद कापायचं यंत्र चाले तेव्हा वरची जमीन थरथरे, त्यामुळे नाजूक कामं सहानंतर, यंत्र बंद झाल्यावर. खोलीत चार पिंपं, वाळू भरून जड केलेली. पिंपावर एक काचेची चकती घट्ट बसवायची, तिच्यावर कुरुंदाची पूड आणि पाणी टाकायचं, आणि वरून दुसरी चकती पुढंमागं घासत पिंपाभोवती पावलापावलानं फिरायचं. वरची खोलगट होत जाते, खालची फुगीर. वरची तो आरसा. पूड आधी रवाळ, मग बारीक, मग पिठासारखी. शेवटी डांबराच्या थरावर गुलाबी पुडीनं पॉलिश. मास्तरांची बायको पहिल्यांदा हे बघायला आली तेव्हा म्हणाली, "एवढं मला घासलं असतंत तर मीही चमकले असते." त्यावर घड्याळजी म्हणाला, "वहिनी, तुम्ही खालची चकती. खोलगट ते झाले, पण घासलं कुणी ते बघा." तिघंही खूप हसले. मास्तर त्या दिवसांत हसत असत.

पॉलिशनंतर सावलीची परीक्षा. आरसा भिंतीशी उभा करायचा, समोर सुईच्या टोकाएवढा दिवा, दिव्याशेजारी ब्लेडचं पातं, आणि पात्यामागं डोळा. पातं प्रकाशाच्या वाटेत सरकवलं की आरसा अचानक चंद्रासारखा उठून दिसतो. केसाच्या हजाराव्या भागाएवढा उंचवटासुद्धा डोंगर होऊन बसतो. काचेवर दाब कुठं जास्त पडला, मनगट कुठं वळलं, कोण दमून टेकला, सगळं तिथं लिहिलेलं असतं. मास्तरांच्या आरशात मधल्यापासून कडेकडे जाताना एक फिकट वलय हमखास यायचं. ते काढता काढता त्यांची दमछाक व्हायची आणि तरी सूतभर उरायचंच. घड्याळजी पात्यामागून ओरडायचा, "तुमची बांगडी आली हो, मास्तर!"

कारण मास्तरांचे आरसे तपासायचा घड्याळजीच. नियम मास्तरांनाही लागू होता. मास्तर पिंपाशी, घड्याळजी पात्यामागं. तो सांगेल तसे हे हात फिरवणार. "कड पडली." "मध्ये टेकाड आहे." "मास्तर, इथं तर गटार झालंय." एकदा 'गटार' शब्दावरून दोघं आठ दिवस बोलत नव्हते. नवव्या दिवशी मास्तर नवीन पॉलिश केलेला आरसा घेऊन आले आणि काही न बोलता स्टँडवर ठेवला. घड्याळजीनं पाऊण तास बघितलं आणि म्हणाला, "चालेल." घड्याळजीच्या तोंडून 'चालेल'च्या पुढं शब्द कधी निघाला नाही. सत्तावीस वर्षांत एकशे नऊ आरसे 'चालेल' झाले आणि कुठल्या कुठल्या शाळांच्या गच्च्यांवर, कॉलेजांच्या कपाटांत, हौशी माणसांच्या बाल्कन्यांत जाऊन बसले.

मग घड्याळजी गेला. दुकानात बसल्या जागीच, डोळ्याला भिंग लावलेलं, समोर कुणाचं तरी उघडलेलं घड्याळ.

पात्यामागं बसायला दातवाली आली. ती एका दंतवैद्याकडे कवळ्या बनवायची. पंचेचाळिशीची, अंगानं दणकट, बोलायला फटकळ. मास्तरांची सगळ्यात जुनी आणि एकमेव टिकलेली शिष्या. बाकीचे मास्तरांच्या तोंडाला भिऊन पळाले होते. तिचा एकच दोष होता. मेणावर अंगठा दाबायची तिला धंद्याची सवय, आणि आरसा घासतानाही तिचा उजवा अंगठा नकळत काचेच्या पाठीवर मधोमध टेकायचा. मध्ये दाब जास्त, म्हणून मध्ये खळगा. इवलासा, वाटाण्यावर नख टेकवावं तसा. मास्तरांनी वर्षभर तिच्या अंगठ्यावर लाकडी पट्टीनं टिचक्या मारल्या. "अगं, कवळी नव्हे ती! आकाश चावायचंय का तुला?" खळगा कमी झाला, गेला नाही. हात बदलत नाही, माणूस सावध होतो एवढंच.

घड्याळजी गेल्यावर मास्तरांनी पहिला आरसा तिच्यापुढं ठेवला, त्या दिवशी ती पात्यामागं खूप वेळ बसली. मास्तरांना तिचा श्वास ऐकू येत होता. मग ती उठली, आरसा मऊ कापडात गुंडाळला आणि म्हणाली, "उत्तम आहे, मास्तर."

तेव्हाच त्यांना कळायला हवं होतं. उत्तम असं काही नसतं.

पण आरशावर चांदीसारखा मुलामा चढवायला ती तो दूरच्या कारखान्यात घेऊन गेली, तीन आठवड्यांनी झगझगीत होऊन आला, शाळेच्या दुर्बिणीत बसला, शनीची कडी दिसली, पोरांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी पाठीमागं हिरकणीनं कोरलेला आकडा होताच: एकशे दहा. मग अकरा, बारा, असे एकशे सोळापर्यंत. तीन वर्षांत सात. दातवाली प्रत्येक वेळी "उत्तम" म्हणायची आणि मास्तर मनात म्हणायचे, पोरीला अजून नजर यायचीय. पण बरं वाटायचं.

याच तीन वर्षांत चहाचा कप बशीवर वाजायला लागला होता. डावा खांदा वर जाईना. सदऱ्याची मनगटाची बटणं बायको लावून द्यायची. मास्तर म्हणायचे, "म्हातारपणी फार माया आली." ती पुढचं बटण लावायची. दाढी करताना गाल कापला तर ते ब्लेडला शिव्या द्यायचे. कुणी हाताकडे बघितलंच तर म्हणायचे, "थरथर चहाला. काचेला नाही. काचेवर ठेवला की हात गप होतो." हे खरंही होतं. काचेवर हात गप होत असे; पण गप झालेला हात काय करतो आहे ते त्यांना कळत नव्हतं.

आणि आता सोळा इंची आली होती.

मंडळाला स्वतःची मोठी दुर्बीण हवी, हे घड्याळजीच्या वेळेपासूनचं बोलणं. एवढी काच मिळत नव्हती. यंदा मिळाली. लाकडी खोक्यात, भुश्शात बसवलेली, अडीच इंच जाड, वीस किलो वजनाची. मास्तर रोज संध्याकाळी येऊन खोक्याची फळी सरकवून बघायचे. एकशे सोळा आरसे दुसऱ्यांच्या गच्चीवर गेले. हा मंडळाचा, म्हणजे आपला. हा घासायला दोन वर्षं लागतील. दोन वर्षं हात पुरवावेत, मग ते गळून पडले तरी चालतील, असं ते बायकोला म्हणाले. ती कणीक मळत होती. ती म्हणाली, "हात गळून पडल्यावर घास कुणी भरवायचा? मीच ना?" पण त्यात नेहमीचा ठसका नव्हता.

त्या शनिवारी नव्या लोकांसाठी दुर्बीण बांधणीची कार्यशाळा होती, आणि शेवटी मास्तरांनी सोळा इंचीवर पहिला हात फिरवून कामाला सुरुवात करायची होती. बायकोनं इस्त्रीचा सदरा काढला, बटणं लावली आणि दाराशी म्हणाली, "नाही गेलात तर नाही का चालणार?"

"आज?"

"आज काय, एकूणच."

"डोकं फिरलंय तुझं," मास्तर म्हणाले आणि निघाले.

खोलीत बारा शिकाऊ होते. एक परिचारिका, एक बेकरीवाला, बसचा एक वाहक, बँकेतल्या दोघी, असे. चौघा-चौघांचे गट पिंपांभोवती फिरत होते आणि खर्रर्र आवाज येत होता. मास्तर मधून फिरत होते. "अहो, भाकरी थापताय का? लांब हात न्या." बेकरीवाला म्हणाला, "मास्तर, भाकरी नाही, पाव." "पाव फुगतो. हिला खोल करायचंय." हशा झाला. मास्तर रंगात आले होते. कोपऱ्यात पिंपावर सोळा इंची उताणी ठेवून तिच्यावर पांढरी चादर घातली होती.

मंडळाचे चिटणीस विमा कचेरीत होते आणि कुणाशीही, पॉलिसी विकायची असल्यासारखे, खांद्यावर हात ठेवून बोलायचे. खालचं यंत्र बंद झालं तसे ते म्हणाले, "मास्तर, आता सावलीची परीक्षा दाखवू या."

"कशावर? यांच्या काचा अजून रवाळ आहेत."

"त्या आहेत की!" चिटणीसांनी टेबलाकडे बोट केलं. तीन शाळांच्या दुर्बिणी सफाईला आल्या होत्या आणि त्यांचे आरसे धुऊन टॉवेलावर सुकत ठेवले होते. "तिन्ही तुमचेच."

"म्हणूनच नको. माझे आहेत."

"अहो, पास झालेल्यांना कसली परीक्षा? यांना फक्त कळू दे, उत्तम आरसा कसा दिसतो."

दातवाली तेव्हा बेसिनपाशी पुडीचे डबे धूत होती. नळाच्या आवाजात तिला काही ऐकू गेलं नाही.

मास्तरांनी वरचाच आरसा उचलला, पाठ फिरवून आकडा बघितला. एकशे सोळा. अगदी शेवटचा. स्टँडवर उभा केला आणि शिकाऊंना म्हणाले, "आता वीस मिनिटं थांबायचं. कोमट पाण्यानं धुतलाय, हातही लागलाय. ऊब असली की काच फुगते आणि आपण भलतंच वाचतो. तापल्या काचेवर निकाल द्यायचा नाही." परिचारिकेनं ते वहीत लिहून घेतलं.

वीस मिनिटांनी दिवे मालवले. मास्तर पात्यामागं बसले. कितीतरी वर्षांनी ते स्वतःच्या आरशासमोर बसले होते. त्यांनी पातं सरकवलं. आरसा उजळला, मऊ, गोल. कड स्वच्छ होती. त्यांनी बांगडी शोधली. बांगडी नव्हती.

त्यांना आधी आनंद झाला. तो आनंद त्यांना पुढं फार दिवस आठवत राहिला आणि प्रत्येक वेळी चटका देत राहिला. म्हातारपणी का होईना, सुटली एकदाची, असं त्यांच्या मनात आलं.

मग त्यांनी पातं आणखी सुताएवढं सरकवलं आणि मधोमध खळगा दिसला. इवलासा. वाटाण्यावर नख टेकवावं तसा.

"काय दिसतंय, मास्तर?" बसवाहकानं विचारलं.

"काच अजून गरम आहे," मास्तर म्हणाले. "थांबा."

अंधारात सगळे थांबले. कुणी तरी खोकलं. मास्तरांनी मनात तीनशे मोजले आणि पुन्हा बघितलं. खळगा तिथंच होता. ऊब असती तर निवली असती.

"दुसरा लावा," ते म्हणाले. एकशे चौदा. तोच खळगा. "तिसरा." हा जुना होता, ऐंशीच्या घरातला. त्यात फिकट, वर उठलेली, हट्टी बांगडी होती. घड्याळजीच्या शिव्या खाऊनही उरलेली. आपला हात त्यांनी ओळखला. त्याच्या आधीच्या दोन काचांवरचा हातही ओळखला. त्या अंगठ्यावर त्यांनीच वर्षभर पट्टी मारली होती.

दिवे लागले. "बघा एकेक जण," असं म्हणून मास्तर उठले आणि शिकाऊंची रांग पात्यामागं लागली. "बाई गं! केवढं गुळगुळीत!" बँकेतली एक म्हणाली.

मास्तर बेसिनपाशी गेले.

"अंगठा अजून सुटला नाही तुझा," ते म्हणाले.

दातवालीनं नळ बंद केला. तिनं टेबलाकडे बघितलं, मग स्टँडकडे, आणि तिच्या हातातला डबा तिनं फार हळू खाली ठेवला.

"कोणी लावायला सांगितले ते आरसे?"

"किती?"

"मास्तर, घरी बोलू. इथं नको."

"किती काचा?"

"सगळ्या." तिनं हात फडक्याला पुसले, पुसतच राहिली. "एकशे दहापासूनच्या सगळ्या. पिळल्या होत्या, मास्तर. तुमचा डावा हात दाबच देत नाही आता, उजवा एकटाच ओढतो. तारा टिंबासारखा दिसायच्या ऐवजी रेघेसारखा दिसत होता. पहिली थोडीच पिळली होती, नुसतं पॉलिश करून भागलं."

"आणि शेवटची?"

ती फडक्याची घडी घालायला लागली.

"तुला विचारतोय. एकशे सोळा."

"ती... रवाळ पुडीपासून परत घ्यावी लागली."

मास्तरांनी मान हलवली, गिऱ्हाइकाचा नंबर ऐकून हलवावी तशी. रवाळ पुडीपासून म्हणजे त्यांनी चार महिने घासलेला पृष्ठभाग खरवडून धुऊन गेला होता. "म्हणजे पाठ तेवढी माझी," ते म्हणाले. "आकडा कोरलेली."

"असं काय बोलता?"

"मग कसं बोलू? उत्तम म्हणू?"

तिचा चेहरा लाल झाला. ती मुळात फटकळच होती. "मग काय करायचं होतं मी? शाळेतल्या पोरांना रेघोट्या दाखवायच्या? की इथं सगळ्यांदेखत सांगायचं, मास्तर, तुमचं पोर ढ आहे म्हणून? कवळ्या करून करून कंबर मोडते माझी, घरी जाऊन पुन्हा तुमच्या काचा घासत होते. हौस होती का?"

"मला दाखवायचं होतंस."

"तुम्ही ऐकलं असतंत?"

"नसतं ऐकलं. तरी दाखवायचं होतंस. पात्यामागं माणूस बसवतात ते कशाला? माया करायला?"

"काकूंनी शपथ घातली होती," ती म्हणाली, आणि म्हटल्याबरोबर तिला ते परत घ्यावंसं वाटलं.

मास्तरांनी आपल्या मनगटाच्या बटणांकडे बघितलं. "तिला ठाऊक आहे."

"पहिल्याच वेळी मी त्यांना विचारायला गेले होते, काय करू म्हणून. त्या म्हणाल्या, दुकानानं पाठवणी केली तेव्हा सहा महिने भिंतीकडे तोंड करून झोपत होते. हे काढून घेतलंस तर उठायचे नाहीत."

"आणि कोण कोण?"

तिची नजर चिटणीसांकडे गेली. चिटणीस बेकरीवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून काही सांगत होते. मास्तरांना गेल्या तीन वर्षांतल्या कितीतरी गोष्टी एकदम आठवल्या. आपण बोलायला लागलो की लोकांचं ते शहाण्या मुलांसारखं गप्प बसणं. कप भरताना तो अर्धाच भरणं. 'तुमच्याशिवाय मंडळ कसलं' हे वाक्य, पूर्वी कुणी कधी म्हणत नसे आणि हल्ली आठवड्याला एकदा तरी ऐकू यायचं. पूर्वी त्यांना लोक भीत आणि टाळत. हल्ली कुणी टाळत नव्हतं. त्यांना वाटलं होतं, आपण स्वभावानं निवळलो.

घड्याळजी असता तर पहिल्याच काचेला खोली दणाणून गेली असती. 'मास्तर, हे काय केलंत? जिलबी झालीय!' आठ दिवस अबोला, किंवा कायमचा. पण तो माणूस त्यांच्या काचेशी खोटं बोलला नसता. मास्तरांना त्या क्षणी टपालवालाही आठवला, आणि जे त्यांना कधी सुचलं नव्हतं ते सुचलं: त्या माणसाला निदान खरं सांगितलं गेलं होतं. त्याचं लोकांनी हसं केलं, पण त्याला कुणी सांभाळून घेतलं नाही.

"सोळा इंचीचं काय ठरवलं होतंत?" त्यांनी विचारलं.

"काय ठरवणार?"

"मी दोन वर्षं घासणार होतो. मग?"

दातवालीचे डोळे भरून आले. पण आवाज कोरडाच होता. "एवढी काच घरी नेऊन घासायला माझ्याकडे जागा नाही, मास्तर. चिटणीस म्हणाले, तुमचं घासून झालं की इथंच बघू. दुपारच्या वेळी. तुम्ही दुपारी येत नाही."

"मास्तर!" चिटणीसांनी टाळी वाजवली. "या, या. सगळे वाट बघताहेत."

चादर काढली होती. सोळा इंची काच पिंपावर उताणी पडली होती, हिरवट, जाड, अजून कुणाचाच हात न लागलेली. एवढी मोठी काच खालीच ठेवतात आणि लहान लोखंडी चकती तिच्यावरून फिरवतात. शिकाऊंनी गोल केला होता, चौघापाच जणांनी मोबाइल वर धरले होते. मास्तर सवयीनं पिंपापाशी आले. त्यांनी एप्रनची गाठ चाचपली. डब्यातून रवाळ पूड चिमटीत घेतली आणि काचेवर भुरभुरली. ती एका बाजूला जास्त पडली, एका बाजूला पडलीच नाही. परिचारिकेचं लक्ष पुडीकडे नव्हतं, त्यांच्या हाताकडे होतं. धंद्यातली नजर होती ती. तिनं लगेच दुसरीकडे बघितलं, इतक्या सफाईनं, की मास्तरांना तिचा संताप आला.

त्यांनी पाणी शिंपडलं. चकती उचलायला गेले. डावा हात अर्ध्यावर अडला. चकती एका कडेवर कलली आणि काचेवर आपटणार तोच दातवालीनं मागून हात घालून ती धरली. तिचा अंगठा बरोब्बर मधोमध टेकला होता. काच वाचली.

चिटणीसांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. "मास्तर, ताण घेऊ नका हो," ते हसत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले. "तुम्ही नुसता हात लावा. एक फोटो होऊ दे. पुढचं आम्ही बघतो."

दातवालीनं चकती मास्तरांच्या हातांखाली अलगद काचेवर ठेवून दिली होती आणि अजून सोडली नव्हती. वरून त्यांचे दोन हात, त्यांच्याखाली तिचा एक. मास्तरांनी ढकललं असतं तर चकती फिरली असती. तिनं फिरवली असती. खर्रर्र आवाज आला असता, टाळ्या पडल्या असत्या, आणि तो आवाज कुणाच्या हाताचा ते या खोलीत दोघातिघांनाच कळलं असतं. दोन वर्षं तसंच चाललं असतं. घरी बायकोनं बटणं लावून दिली असती.

"मास्तर," दातवाली अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "ढकला ना."

मास्तरांनी आधी डावा हात काढून घेतला, मग उजवा. ओल्या पुडीचे कण तळव्याला चिकटले होते ते त्यांनी एप्रनला पुसले. एप्रनची गाठ त्यांना सुटेना. त्यांनी ती सोडवायचा नाद सोडला. ते वळले. हात धुवायला निघाले असतील असं वाटून शिकाऊंनी बाजूला होऊन वाट दिली, बसवाहकानं तर बेसिनचा नळही सोडून ठेवला. मास्तर बेसिनवरून पुढं गेले, दार ओढलं, आणि एका हातानं कठडा धरून, एप्रनसकट जिना उतरून गेले.